नळवाल्या भावोजींचा शिरका

आमच्या भावोजींना खोटं बोलता येत नाही, हे मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. खोटं बोलायला माणसाला निदान तोंड तरी उघडावं लागतं. भावोजी तोंड उघडायचे ते जेवायला, नाहीतर दोन्ही हात अडकलेले असले की स्क्रू दातात धरायला. अशा माणसाने सत्तरीला टेकल्यावर एका बाईंपुढे आयुष्यातली पहिली थाप मारली. थाप तरी कसली? दागिन्यांची नाही, जमीनजुमल्याची नाही. म्हणाले, “मी पण घरी शिरका करतो.”

शिरका म्हणजे व्हिनेगर. आमच्या घरात तोवर तो एकाच ठिकाणी असायचा, भावोजींच्या हत्यारांच्या पिशवीत. नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो ना, तो काढायला. त्या कॅनवर त्यांनी स्वतःच्या हाताने कवटी काढून ठेवली होती. कवटी कसली, चष्मा लावलेला बटाटाच दिसायचा. पण हात लावू नये एवढं कळायचं.

भावोजी म्हणजे आमच्या यांचे धाकटे भाऊ. आमच्याच मागच्या खोलीत राहतात. कामाने नळवाले. हे त्यांना लहानपणापासून ‘पान्या’ म्हणतात, कारण इतर पोरं खेळणी उशाशी घेऊन झोपायची आणि हा पाना घेऊन. पुढे साऱ्या गल्लीने तेच नाव उचललं. भिंतीत कुठे पाणी गळतंय हे शोधायची त्यांची एक रीत आहे. पान्याचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. घरातल्या बायकांना वाटायचं, या माणसाला चक्कर आली. मग डोळे उघडून म्हणायचे, “इथे.” तिथे फोडलं की पाणी. लोक म्हणतात, थेंबे थेंबे तळे साचे. भावोजी म्हणायचे, “तळं कुठलं वहिनी? थेंबे थेंबे छत गळे.” हा त्यांचा एकच विनोद आणि तो ते वर्षानुवर्षं पुरवून वापरतात.

लग्न झालं नाही. आधी बहिणींची व्हायची होती, मग जागा नव्हती, मग वय गेलं. एकदा यांनी त्यांना धरून-बांधून एका घरी मुलीला भेटायला पाठवलं होतं. परत आले ते खुशीत. आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, “कशी आहे?” म्हणाले, “वायसर पार झिजला होता. नवीन टाकला. आता थेंब नाही पडायचा.” मुलगी कशी होती हे त्यांना आजतागायत सांगता येत नाही. मोरी मात्र आठवते.

एकदा जेवताना ते सहज बोलून गेले होते, ते माझ्या मनात राहिलं. म्हणाले, “वहिनी, आमच्या धंद्याचं उलटं असतं. लोक धावत बोलवायला येतात, ‘आत्ता चला, आत्ता चला’ म्हणून हात धरून ओढतात. आणि काम झालं की दारातच, ‘बरं, या.’ बरोबरच आहे. गळती थांबली की नळवाल्याचं घरात काय काम?” तक्रार नव्हती. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

तर त्या दिवशी ते संध्याकाळी घरी आले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मी चुलीपाशी... चूल कसली, गॅस, पण जिभेला जुनं वळण आहे... तर मी गॅसपाशी होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

“वहिनी, शिरका कसा करतात?”

“कोण करतं?”

“कुणीही. फळांचा.”

“मला काय ठाऊक? आणि तुम्हाला कशाला हवाय?”

“सहज.”

सहज! या माणसाने आयुष्यात काही सहज विचारलेलं नाही. मी म्हटलं, “भावोजी, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. फोडू का भिंत?”

मग सगळं बाहेर आलं.

मागच्या रस्त्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावर एक बाई राहतात. टेलिफोनवाल्या बाई म्हणतात त्यांना, कारण उमेदीची सारी वर्षं त्यांनी टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून इकडचा आवाज तिकडे जोडून देण्यात घालवली. एकट्याच आहेत. त्यांच्या ओट्याखालचा पाइप गळायला लागला आणि खालच्या घड्याळवाल्याच्या टेबलावर टपटप सुरू झाली. त्याने वर येऊन आरडाओरडा केला, बाईंनी भावोजींना बोलावलं. काम तसं किरकोळ. झाल्यावर भावोजी पिशवी उचलून नेहमीसारखे दाराकडे निघाले, तर बाई म्हणाल्या, “निघालात कुठे? बसा की.” आणि बसा म्हणजे दाराजवळच्या स्टुलावर नाही. टेबलाशी, खुर्चीवर, बाईंच्या समोर.

“खुर्चीवर?” मी विचारलं.

“गादीच्या,” भावोजी म्हणाले.

तिथे बाईंनी गार पाण्याच्या पेल्यात लाल लाल काहीतरी दोन चमचे घालून दिलं. आधी जिभेला आंबट झणका, मग मागून हळूच फळ येतं म्हणे, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. बाई म्हणाल्या, “आलुबुखार मुरवलेला शिरका आहे. घशाला बरा म्हणून सुरू केला, खरंखोटं कुणास ठाऊक. आता सवय लागली. तुम्ही तोंड वाकडं नाही केलंत, लोक करतात.” आणि तेवढ्यात, तोंड वाकडं न करता, आमचे भावोजी बोलून बसले, “मी पण घरी करतो.”

“हो? कशाचा?”

“फळांचा.”

बाई हसल्या म्हणे. म्हणाल्या, “मग आणा की. माझा तुम्ही प्यायलात, तुमचा मी पिईन. आलुबुखाराचाच करा. फळ बाजारातून जायच्या आत घाला म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चव बघू.”

“पण का बोललात असं?” मी विचारलं.

भावोजी हाताकडे बघत राहिले. “पाइप दुरुस्त झाला होता ना, वहिनी.”

मला पुढे काही विचारावं लागलं नाही. पुन्हा त्या खुर्चीवर बसायला त्यांना एक कारण हवं होतं आणि त्यांनी हाताला लागेल ते कारण उचललं होतं. आता ते कारण बाटलीत भरून न्यायचं होतं.

हे आतल्या खोलीतून ओरडले, “काय रे पान्या, काय खलबतं चाललीत?” एका कानाने यांना ऐकू येत नाही, पण नको ते दुसऱ्या कानाने बरोबर ऐकतात.

दुसऱ्याच दिवशी भावोजी फळवालीकडून पिशवीभर आलुबुखार घेऊन आले. फळवाली आमच्या कोपऱ्यावर बसते, तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. म्हणाली, “इतकी वर्षं एक केळं घेऊन जाणारा माणूस, आज आलुबुखार? कुणाकडे बारसं आहे?” वर फुकटचा सल्ला, पिकलेलं घ्या पण पाणी सुटलेलं घेऊ नका, डाग असेल तेवढं कापून टाका.

मला मुरंबा ठाऊक, लोणचं ठाऊक. शिरक्यात फळ घातलं की काय होतं हे मीही कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मलाही चैन पडेना. भावोजींनी पहिल्या फटक्यात काय करावं? पिशवीतला तो कवटीवाला कॅन काढला. मी हातच धरला.

“अहो, नळ धुवायचा तो!”

“शिरकाच आहे. फक्त जोर जास्त.”

“तुमच्या बाई नळ आहेत का?”

तेव्हा कुठे किराण्यातून खायचा शिरका आला, पांढरा, पाण्यासारखा. भावोजींनी बरणी धुतली, फळं धुतली, आणि ओलीच्या ओली आत टाकून वरून शिरका ओतला. तो पुरेना तेव्हा थोडं पाणी घातलं, पाइपात पाणी खेळतं ठेवायची सवय ना! थोड्याच दिवसांत वर पांढरी लोकर उगवली. झाकण उघडल्यावर हे लांबूनच म्हणाले, “पान्या, याला स्वेटर कुणी घातला रे?” पहिली बरणी गेली.

त्यातून आम्ही एवढं शिकलो की पाण्याचा थेंब चालत नाही. मग बरणी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवली. फळं पुसून, बिया काढून, बोटांनी नुसती दाबली. शिरका किंचित कोमट करून फळं बुडतील इतका ओतला, आणि बरणी कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. रोज सकाळी भावोजी कामाला निघण्याआधी ती हलवायचे, आणि ते गेले की मी हळूच जाऊन पुन्हा हलवायची. मला त्यात फार मौज वाटायची. फळं दिवसेंदिवस फिकट पडत चालली आणि शिरका लाल. आधी गुलाबी, मग लाल, मग असा लाल की उजेडापुढे धरला तर आपला हातसुद्धा आतून पेटल्यासारखा दिसावा. फळाचा रंग त्यात उतरला आणि त्याचा आंबटपणा फळात गेला. एक फिकटलेलं फळ मी खाऊन बघितलं तर डोळ्यांतून पाणी आलं. हे म्हणाले, “रडतेस कशाला?” मी म्हटलं, “तुमच्या भावाच्या प्रेमात दम आहे.”

ती बरणी गाळताना मात्र घात झाला. फडक्यात फळं घेऊन भावोजींनी लादी पुसायचं फडकं पिळावं तशी पिळली. नळवाल्याचा पंजा तो! सगळा गाळ खाली उतरला आणि रंग गटारासारखा झाला. चवीला वाईट नव्हता, पण भावोजी बरणीकडे बघून म्हणाले, “असला नेऊन त्यांच्या टेबलावर कसा ठेवू? त्यांचा काचेसारखा होता.” तो शिरका आम्ही घरातच संपवला. यांच्या तोंडावरचे तेव्हाचे भाव अजून आठवतात.

तिसऱ्या खेपेला फळवालीने शेवटची पाटी उपसून आलुबुखार दिले. म्हणाली, “घ्या. यानंतर पुढच्या वर्षी. आता काय, आंघोळ करता का आलुबुखाराने?” ही बरणी भावोजींनी जीव लावून घातली. रंग चढला तो दोन्ही खेपांपेक्षा सुंदर. आणि नेमकी तेव्हाच मी लेकीकडे राहायला गेले.

जाताना बजावून गेले, “गाळायचं ते आपोआप गळू द्या. पिळू नका.”

“नाही पिळत. मी वेगळा विचार केलाय,” भावोजी म्हणाले.

हा वेगळा विचार काय ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं असं माझी लेक म्हणते. पण गाडी चुकली असती.

लेकीकडून परत आले, पिशवी खाली ठेवली, तर भावोजी दारातच. चेहरा असा की शाळेत पहिला नंबर आलाय. “वहिनी, आधी हे बघा. मग पाणी प्या.”

कपाटातून त्यांनी जी काढली ती आमची बरणी नव्हती. काचेचं मोठं भांडं होतं, बंद पडलेल्या कुठल्याशा हॉटेलातलं, सरबत ठेवायचं. तळापासून दोन बोटं वर भोक, त्याची तोटी हरवलेली, म्हणून भंगारवाल्याकडे पडून होतं. भावोजींनी ते आणलं, आणि त्या भोकात आपल्या ठेव्यातली तोटी बसवली. जुनी, जड, चकचकीत, पिवळी. एका पाडलेल्या घरातून काढून त्यांनी कित्येक वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

“बघा,” म्हणाले, “बाटली वाकडी केली की गाळ ढवळतो. म्हणून पाण्याच्या टाकीला आपण काय करतो? बाहेर जायचा पाइप तळाला नाही लावत, दोन बोटं वर लावतो. गाळ खाली राहतो, वरचं निवळ पाणी बाहेर. तेच केलं. पिळणं नाही, गाळणं नाही. तोटी उघडायची, पेला धरायचा. बाई फडक्यानेच गाळत असतील, त्यांना असं कधी सुचलं नसेल.”

मला खरंच कौतुक वाटलं. डोकं होतं त्यात. त्यांनी कप धरला आणि माझ्यासाठी पहिली धार सोडली.

धार लाल नव्हती. आधी निळसर-हिरवं असं काहीतरी आलं, मग गढूळ जांभळं. मी कप नाकाशी नेला. फळाचा वास होता, पण त्याच्या मागे दुसरा एक वास, तोंडात नाणं धरलं तर येतो तसा.

“थांबा!” मी कप खाली ठेवला. “तुम्ही प्यायलात का यातलं?”

“नाही. पहिला तुमचा म्हणून थांबलो होतो.”

“ही तोटी कसली आहे?”

“पितळ. अस्सल. आता मिळत नाही अशी.”

“भावोजी,” मी म्हटलं, “आंबट पितळेत ठेवलं की कळकतं हो! आमच्या आज्या कल्हई लावल्याशिवाय पितळेच्या भांड्याला चिंचेचं बोटसुद्धा लावू देत नव्हत्या. हे पोटात गेलं तर ओकून ओकून जीव जाईल.”

ते वाकले. तोटी जिथे काचेला मिळते तिथे आतबाहेर हिरवा पापुद्रा धरला होता. मग हळूच म्हणाले, “तोटी बसवायच्या आधी मी ती चकचकीत केली, वहिनी.”

“कशाने?”

“शिरक्याने.”

उभा जन्म ज्यांनी लोकांना सांगितलं की शिरका पितळेवरचं सगळं खातो, त्यांनीच शिरक्याच्या पुढ्यात पितळ वाढून ठेवलं होतं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते माहीत असणारे भावोजी हत्यारांच्या पिशवीतले, आणि ही तोटी लावणारे भावोजी गादीच्या खुर्चीतले. दोघांची गाठ पडली नाही.

हे बाहेर आले. भांड्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. थट्टा करतील असं वाटलं, पण नाही केली. म्हणाले, “अरे, त्यात काय! मोठ्या दुकानात मिळतो असला शिरका, छान बाटलीत. आण, वरचा कागद भिजवून काढ, दे नेऊन. बाईंना काय कळतंय?”

भावोजी म्हणाले, “पहिली थाप निस्तरता येईना, तिच्यावर दुसरी कुठे चढवू?”

“मग फळवालीला विचार.”

“फळ संपलंय.”

“मग पुढच्या वर्षी जा.”

या वयात पुढच्या वर्षीचं कोण बोलतं! भावोजींनी वाटेत गळू नये म्हणून तोटीला वरून पांढरी टेप गुंडाळली, भांडं टॉवेलात बांधलं, आणि उद्या सकाळी जातो म्हणाले. “जे झालंय ते दाखवतो. त्या दार लावतील तर लावतील. पण वहिनी, तुम्ही चला. एकटा गेलो तर मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन.”

“विष घेऊन कुणी कुणाच्या घरी जातं का हो?” मी म्हटलं. पण गेले. खरं सांगायचं तर मला त्या बाई बघायच्याच होत्या.

घड्याळवाल्याच्या दुकानाशेजारून जिना वर जातो. अरुंद, लाकडी, मधली एक पायरी कुरकुरते. भावोजी त्या पायरीवर थांबले. मला वाटलं दम लागला, तर कान देऊन ऐकत होते. “पाइप ठीक आहे,” म्हणाले आणि पुढे चढले.

बाई माझ्याहून थोड्या लहान असतील. अंगाने बारीक, केस पांढरे, आणि आवाज असा की प्रत्येक शब्द पुसून टेबलावर ठेवल्यासारखा. खोली छोटी पण लख्ख. उघड्या कपाटात काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. लाल, पिवळ्या, एक तर जवळजवळ काळी. माझी नजर तिथून हलेना.

“या,” बाई म्हणाल्या. “या तुमच्या—”

“वहिनी,” भावोजी म्हणाले. आणि भांडं टेबलावर ठेवलं, टॉवेल सोडला, आणि ना नमस्कार ना चमत्कार, एकदम, “हा पिऊ नका. कळकलाय. मी पितळी तोटी लावली. आणि मी कधी शिरका केला नव्हता. त्या दिवशी थाप मारली. हा तिसरा, पहिले दोन पण बिघडले.”

एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर ते उभेच राहिले, पिशवी उचलायला आधीच अर्धे वाकलेले.

बाईंनी चष्मा घातला, भांड्याभोवती फिरल्या, खाली वाकून तोटीच्या बुडाकडे बघितलं. मग शिवणाच्या डब्यातून सुई आणली आणि वरची टेप काढून तो हिरवा पापुद्रा खरवडला.

“हे शिरक्याने केलं?”

“हो.”

“इतक्या लवकर?”

“हो.”

“बघा तर!” बाईंनी सुई उजेडात धरली. “माझ्याकडे पहिल्यापासून काच. मला हे कधी दिसलंच नाही. पितळातून हिरवं येतं होय? पुस्तकात वाचलं होतं कधीतरी, पण असं समोर! तुम्ही बघितलंत का हो?” हा प्रश्न मला. मी पुढे झाले. आम्ही दोघी त्या सुईच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघत उभ्या, आणि भावोजी मागे, शिक्षा सांगायचं विसरलेल्या कोर्टात आरोपी उभा असावा तसे.

“आणि तोटी तळाला न लावता वर का लावलीत?” बाईंनी विचारलं.

भावोजींनी सांगितलं, टाकीचं, गाळाचं, दोन बोटांचं. आधी जमिनीकडे बघून, मग भांड्याकडे, आणि शेवटी शेवटी बाईंकडे बघून.

“अहो, पण ही कल्पना उत्तम आहे. मी तीन-तीनदा गाळून दमते. तोटी दुसऱ्या कशाची मिळाली तर?”

“काचेची मिळते. शोधावी लागेल. दवाखान्यांना सामान देणाऱ्यांकडे असते.”

“शोधाल?”

“शोधतो.” आणि मग त्यांना आठवलं की आपण काय बोलून बसलो होतो. “पण थापेचं...”

“ते मला तेव्हाच कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर नुसते आवाज ऐकले मी. चेहरा कुणाचा दिसायचा नाही, मग आवाजातच सगळं बघायची सवय लागली. ‘कशाचा’ विचारल्यावर ‘फळांचा’ म्हणालात ना, तिथे तुमचा आवाज घसरला.”

“मग ‘आणा’ का म्हणालात?”

बाईंनी सुई पुसून डब्यात ठेवली. डबा बंद केला. “पाइप तुम्ही असा बसवून गेलात की पुन्हा गळायचं नाव नाही. दुसरं काय सांगून बोलावणार होते तुम्हाला?”

भावोजींचे कान त्या कपाटातल्या पहिल्या बाटलीच्या रंगाचे झाले. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी ती नीट बघितली. मनात म्हटलं, हे दोघेही ताकाला जाऊन भांडं लपवणारे. आणि वय काय यांचं!

मग बाईंनी तो शिरका मोरीत ओतला. भरपूर पाणी सोडलं. भावोजी लगेच ओट्याखाली वाकून, कुठे थेंब पडतोय का, बघून आले. सवय. बाईंनी आम्हा दोघांना आपला शिरका दिला, गार पाण्यात. आधी झणका आला, मग खरंच, मागून हळूच फळ आलं. मी त्यांना विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. त्या काळ्या बाटलीत काय, तर जांभळी द्राक्षं. पिवळीत काय, तर संत्र्याची साल, आतलं पांढरं सगळं खरवडून, नाहीतर कडू होतो. साखर कधी, तर गाळल्यावर आणि चाखून. झाकण पत्र्याचं असेल तर खाली कागद, तोही पत्र्याला शिवला पाहिजे, शिरक्याला नाही. मी डोक्यात कोंबत गेले.

निघायची वेळ झाली तशी मी उठले. मी उठले म्हणून भावोजीही उठले, टॉवेलाची घडी घातली, पिशवी खांद्याला लावली.

“तुम्ही कुठे निघालात?” बाई म्हणाल्या. “अंजीर आणलेत सकाळी. त्यांची देठं काढायचीत, आणि माझं एकटीचं काम नाही ते. हात धुऊन या.”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. या वयाच्या माणसाने वहिनीची परवानगी मागावी तसं बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघताय? हात धुवा. आणि पिळू नका काही.”

मी एकटीच जिना उतरून आले.

घरी हे दारातच उभे होते, चांगला कान रस्त्याकडे करून. “काय झालं? पसंत पडला का?”

“शिरका? मोरीत ओतला.”

“अरेरे. आणि पान्या?”

“अंजिराची देठं काढताहेत.”

हे मग आत आले. मी ताटं घेतली. यांनी विचारलं, “त्याच्यासाठी थांबायचं का जेवायला?”

मी घड्याळाकडे बघितलं, मग मागच्या रस्त्याच्या दिशेला. दोनच ताटं मांडली आणि म्हटलं, “नको. बसा तुम्ही. वाढते.”